वरच्या खोलीतली मांडामांड

"आता हात लावायचा नाही," असं म्हणून ती दोन्ही हात मांडीवर ठेवायची आणि पडद्याकडे बघत बसायची. पडद्यावर एक पट्टी डावीकडून उजवीकडे सरकायची. सरकते आहे की थांबली आहे हेही कळू नये इतकी सावकाश. तुम्ही कम्प्युटरवर काम करणारी माणसं पाहिली असतील. बोटं नाचवतात, मान हलवतात, मध्येच फोन बघतात. हिचं तसलं काही नाही. नैवेद्य दाखवून देवापुढे बसलेल्या बाईसारखी बसायची. मी काही विचारलं तर मान न वळवता म्हणायची, "होतं आबा, सावकाश होतं."

तिचं नाव मी लिहीत नाही. तिच्या नावाने तिला आधीच पुष्कळ त्रास दिलेला आहे. तो पुढे येईलच.

मी चौथी शिकलेला माणूस. सातपूरच्या एका कारखान्यात लेथवर उभं राहून जन्म काढला आणि त्यातून हे घर बांधलं. खाली मी, वर एक खोली, बाहेरून जिना. मंडळी गेल्या, मुली सासरी, खालच्या घरात माझ्या खोकल्याशिवाय आवाज नाही. दिवाळी उरकली त्या सुमारास ती खोली बघायला आली. सोबत कुणी नाही. एक बॅग, एक शेगडी आणि चादरीत गुंडाळलेला कम्प्युटर. तान्हं मूल धरावं तसा छातीशी धरलेला.

समोरचे बापू जिन्याखालीच उभे होते. कानाशी येऊन म्हणाले, "एकटी बाई आहे. नवऱ्याचं घर सोडून आलेली दिसते. देऊ नका."

मी देणारच नव्हतो खरं तर. पण बापूंनी देऊ नका म्हटल्यावर न देऊन कसं चालेल? लगेच किल्ली दिली.

"काम काय करतेस?" मी विचारलं.

"आधी करत होते. मध्ये सुटलं. आता पुन्हा करणार."

एवढंच बोलली. मूळची सटाण्याची, लग्न होऊन दुसरीकडे गेली, तिकडच्यांनी काम सोडायला लावलं, हे सगळं मला नंतर तुकड्या-तुकड्यांनी कळलं. मी विचारलं नाही. विचारणं माझ्या स्वभावात नाही. मी फक्त टाकी बघायला वर जायचो.

आता टाकी ही गच्चीवर, आणि गच्चीची वाट तिच्या दारावरून. दार उघडंच असायचं. मी जाताना डोकवायचो, येताना उंबऱ्यावर टेकायचो. एक दिवस ती हसून म्हणाली, "आबा, आपली टाकी फार लवकर रिकामी होते हो. गळती आहे का बघा." मी म्हणालो, "व्हॉल्व्ह जुना झालाय." दुसऱ्या दिवशी तिने उंबऱ्याजवळ स्टूल ठेवलं. टाकीचं नाव पुन्हा काढलं नाही.

तर स्टुलावर बसून मी बघायचो. दिवसभर ती पट्टी. एक पट्टी भरली की दुसरी. मला वाटलं, ही बाई आपल्याला बनवते आहे.

"काम कधी सुरू होणार तुझं?"

"अजून मांडामांड चाललीय आबा."

"इतके दिवस?"

मग तिने समजावून सांगितलं. कम्प्युटर आहे, पण कामाच्या बाजूने तो कोरा. ज्यात लिहायचं ते एक आणायचं. लिहिलेलं त्याला समजेल असं करणारं दुसरं. जुनं लिहिलेलं सांभाळून ठेवणारं तिसरं. आणि कोण कुठे राहतं ते सगळ्यांना एकमेकांचं सांगायचं, नाहीतर एका घरात राहून ओळख नाही अशी गत. हे सगळं जमलं की मग प्रोग्राम लिहायला घ्यायचा.

"म्हणजे सेटिंग म्हण की," मी म्हणालो. "मांडामांड काय, भातुकली आहे? आमच्याकडे त्याला सेटिंग म्हणतात. मशीन जुळवणारा सेटर निराळा, चालवणारा ऑपरेटर निराळा."

"इथे दोन्ही मीच," ती म्हणाली. "आणि चहा करणारीही मीच. घेणार?"

चहा ती फार गोड करायची. मला साखरेचा त्रास आहे हे मी तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने बिनसाखरेचा केला असता, आणि मग कौतुक कसलं.

तिला पुण्याच्या एका कंपनीने बघू म्हटलं होतं. नोकरी नव्हे, बघू. त्यांचं अर्धवट काम तिच्या कम्प्युटरवर चालू करून सोमवारी सकाळी दाखवायचं, मग पुढचं बोलणं. इतकी वर्षं घरी बसलेल्या बाईला दुसरं कुणी बघूदेखील म्हणत नव्हतं. आणि इकडे भावाचे फोन. सासरची माणसं मंगळवारी बैठकीला येणार, तुला परत न्यायला तयार आहेत, घरी ये. सोमवार साधला तर ती राहणार. नाही साधला तर मंगळवार ठरलेलाच.

आणि कम्प्युटर काही चालेना. पट्टी शेवटापर्यंत जायची आणि मग लाल ओळी. काढून टाकायची, पुन्हा घालायची, हात मांडीवर, पट्टी, लाल ओळी. शनिवारी सकाळी वर गेलो तर शेगडी थंड. मी खालून भाकरी आणि मेथीची भाजी नेली. तिने ताटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तुम्ही केली?"

"मग कोण करणार? बापू?"

हसली. पण खाल्ली अर्धीच.

दुपारी भाऊ आला. पिंपळगावच्या बाजारात कांदा टाकून, रिकामी पिकअप घेऊन. धिप्पाड गडी, चपलांवर कांद्याची टरफलं चिकटलेली. वाईट माणूस नव्हता. दारात उभं राहूनच म्हणाला, "चाल, कपडा भर. गाडी खाले उभी शे."

"सोमवारपावत थांब," ती म्हणाली.

"तुन्हं यंत्र तर चालत नही."

ती लाल ओळी वाचत राहिली. मला राहवलं नाही. मी म्हणालो, "सोमवार होऊ दे तिचा. मग बघा."

भाऊ माझ्याकडे वळला. "बाबा, तुमनं काय शे यामा?"

"माझं काय आहे? खोली माझी आहे. बसा खाली. उभ्याने बोललेलं मला ऐकू येत नाही."

ऐकू मला चांगलं येतं. पण तो बसला. बसलेल्या माणसाचा राग निम्मा होतो.

तेवढ्यात ती एकदम थांबली. पडद्यावर बोट ठेवलं आणि त्या लाल ओळीवरून एकेक शब्द पुढे नेलं, लहान पोरं वाचतात तसं. मधल्या एका जागी बोट अडलं. तिथे अक्षरं नव्हती. चौकोन होते, प्रश्नचिन्हं होती. सगळी रांग इंग्रजी आणि मध्येच ही खोडाखोड.

"अगं बाई," ती म्हणाली. मग हसायला लागली. इतकी हसली की भाऊ उठून उभा राहिला.

"आबा, हे बघा माझ्या बापाचं कौतुक."

हकिकत अशी. कम्प्युटर तिच्या वडलांनी लग्नात दिलेला. सटाण्याच्या दुकानात पहिल्यांदा चालू केला तेव्हा दुकानदाराने विचारलं, नाव काय टाकू? वडील म्हणाले, पूर्ण टाका. मराठीत टाका. सौ. टाका, मग पोरीचं, मग जावयाचं, मग आडनाव. दुकानात पेढे वाटले, कम्प्युटरला हळदकुंकू लावलं. पुढे वडील गेले. नवऱ्याचं घर सुटल्यावर तिने वर दिसणारं नाव बदललं होतं. पण आतल्या कप्प्याला पहिल्या दिवशी दिलेलं नाव तसंच राहतं म्हणे. ती जे जे आणून ठेवत होती ते सगळं त्या सौभाग्यवतीच्या कप्प्यात जात होतं, आणि तिच्या कामाचं ते अवजार त्या मराठी अक्षरांपाशी येऊन ठेचाळत होतं.

हे ऐकून माझं डोकं फिरलं. "मराठी चालत नाही म्हणजे काय? आपण काय त्याच्या बापाच्या घरी राहतो?"

"तुमचं भांडण खरं आहे आबा," ती म्हणाली. "पण सोमवार झाल्यावर करू."

भाऊ मात्र गंभीर झाला होता. खाली बघत म्हणाला, "नाव बापनं टाकेल शे ते."

जिन्याखाली बापू खोकले, म्हणजे ऐकत होते.

ती भावाला म्हणाली, "बापाचं नाव मी पुसत नाही रे. ते तिथेच राहील. फोटो, लग्नाचा व्हिडिओ, सगळं त्याच कप्प्यात राहील. मला फक्त दुसरं दार पाहिजे."

आणि तिने नवं खातं उघडलं. कम्प्युटरने विचारलं, नाव? कोरी चौकट, आत एक काडी लुकलुकत होती. तिची बोटं वर थांबली. मी लेथवर कितीतरी बारीक कामं केली, पण हात इतका वेळ हवेत थांबलेला मी पाहिलेला नाही. मग तिने इंग्रजीत आपलं नाव लिहिलं. आपलंच. पुढे नवरा नाही, बाप नाही, आडनाव नाही. चार-पाच अक्षरांत आटोपलं.

"बस? इतलंच?" भाऊ म्हणाला.

"त्याला एवढं पुरतं," ती म्हणाली.

मग सगळी मांडामांड पहिल्यापासून. एक आणलं, पट्टी. दुसरं आणलं, पट्टी. "आता हात लावायचा नाही," ती म्हणाली, आणि काय सांगू, त्या धिप्पाड गड्याने आपलेही हात मांडीवर घेतले. आम्ही तिघं त्या पट्टीकडे बघत बसलो. भावाला मध्येच डुलकी लागली. उन्हं कलली तेव्हा पडद्यावर ओळी येऊ लागल्या. भराभर. मला इंग्रजी येत नाही, पण लाल रंग ओळखता येतो. एकही लाल नव्हती. शेवटची हिरवी होती.

तिने टाळी वाजवली नाही, देवाचं नाव घेतलं नाही. ताटलीतली उरलेली भाकरी ओढली आणि खायला लागली.

भाऊ जागा झाला. "व्हयनं?"

"झालं."

"म्हणजे काय व्हयनं?"

"म्हणजे आता कामाला सुरुवात करता येईल."

तो माझ्याकडे बघायला लागला. "आजून काम व्हयनंच नही?"

मी म्हणालो, "सेटिंग झालं. तुम्हाला नाही कळायचं." मलाही कळलं नव्हतं. पण त्या वेळी मी तिच्या बाजूचा होतो.

भाऊ एकटाच गेला. जाताना गाडीतल्या तळाचे कांदे गोळा करून जिन्यात ठेवून गेला. मंगळवारच्या बैठकीला त्याने सासरच्यांना काय सांगितलं ते मला ठाऊक नाही. ती गेली नाही एवढं खरं.

सोमवार साधला. मग तिचं खरं काम सुरू झालं, आणि मी स्टुलावर बसायचं कमी केलं. आता ती कानात यंत्र घालून कुणाकुणाशी बोलायची, इंग्रजीत, भराभर. दार लोटलेलं असायचं. गच्चीवर जाताना मी पाय न वाजवता जायचो. कधी मधल्या सुट्टीत खाली यायची, ओट्यावर बसायची, "आबा, आज डोकं पिकलं," म्हणायची. डोकं कशाने पिकलं ते सांगायची. मला त्यातलं काही समजायचं नाही आणि मी मान हलवायचो. इतकं बोलणं माझ्याशी कुणी केलं त्याला बरीच वर्षं झाली होती.

थंडी सरता सरता कंपनीने तिला पुण्याला बोलावलं. कायमचं. मला सांगायला आली तेव्हा मी गहू निवडत होतो.

"आबा, जावं लागेल."

"जा मग. मी कुठे धरून ठेवलंय?"

"तुम्हाला व्हिडिओवर बोलायचं शिकवते. सोपं आहे."

"मला नको. साधा फोन उचलतो मी. तोंड बघून काय करायचंय?"

ती थोडा वेळ माझ्यासोबत गहू निवडत बसली. खडे ती नीट बघत नव्हती. मी परत बघितले. तिच्या देखत नाही, ती वर गेल्यावर.

जायच्या दिवशी मी ठक्कर बाजारच्या स्टँडवर गेलो. येऊ नका म्हणाली होती, म्हणून गेलो. बाहेरच्या हातगाडीवर द्राक्षं घेतली, काळी, तिला आवडतात ती. पुण्याची एसटी लागली होती. तिला खिडकीची जागा मिळाली. मी फलाटावर, ती आत, मध्ये काच. "पोचले की फोन करते," असं काहीतरी म्हणाली. तेवढ्यात तिचाच फोन वाजला. चेहरा बदलला. कानात यंत्र घातलं, मांडीवर कम्प्युटर उघडला आणि बोटं चालायला लागली. काहीतरी अडलं असणार तिकडे, पुण्याला.

मी खिडकीखाली द्राक्षांची पिशवी घेऊन उभा. काचेवर टिचकी मारायला हात वर केला होता. पण आमच्या कारखान्यात एक रीत होती. मशीन चालू असताना माणसाला हाक मारायची नाही. मान वर केली की बोट जातं. मी हात खाली घेतला.

गाडी मागे सरकली, वळली, फाटकातून बाहेर पडली. तिची मान खालीच होती.

मी त्र्यंबक रोडने पायी निघालो. रिक्षावाले थांबून विचारत होते, "बाबा, सातपूर का?" मी कुणाला हो म्हणालो नाही. घरी लवकर पोचून करायचं काय होतं?