सोमवारी आठ वाजताचं पाणी

बाळांनो, तुमच्यापैकी एकीने फोनवर बुलढाणा जिल्ह्याचा रंगीत नकाशा पाठवून विचारलं, "आजी, आपलं गाव निळं आहे, म्हणजे पाणी भरपूर ना?" तो निळा रंग पाहिला की मला अजून किळस येते. का ते सांगते.

बीटी कपाशी आली तशी गावातली ज्वारी दिसेनाशी झाली. कपाशीसाठी जो तो बोअर खोल नेऊ लागला आणि सार्वजनिक विहीर उन्हाळ्याआधीच तळाला जाऊ लागली. त्याच सुमारास भूजलाचं मॉडेल करणारे दोन तरुण अधिकारी आले. पाऊस, माती, पीक आणि विहिरीची पातळी दिली की पुढच्या उन्हाळ्यात किती पाणी राहील याचा अंदाज संगणक देतो, असं त्यांनी समजावलं. मला ते पटलं, आजही पटतं. मी शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेली, अक्षर सुवाच्य, म्हणून नोंदवही माझ्याकडे आली. दर सोमवारी सकाळी आठला विहिरीत टेप सोडायची आणि पाणी किती खोल आहे ते लिहायचं. एकही सोमवार मी चुकवला नाही. ताप असतानाही गेले.

एप्रिलपासून सरकारी टँकर सुरू झाला. तो विहिरीतच रिता करायचे आणि मग बाया दोराने शेंदायच्या. टँकर यायचा सोमवारी आणि गुरुवारी, सकाळी सातला. मी आठला टेप सोडायचे आणि टँकरचं पाणी जमिनीचं म्हणून नीटनेटकं लिहायचे. वहीत शेऱ्याचा रकाना नव्हता, म्हणून शेरा लिहिला नाही. एवढी मी शहाणी!

पुढच्या वर्षी मॉडेलने नकाशावर आमचं गाव निळं, म्हणजे भरपूर पाण्याचं दाखवलं. टँकर नामंजूर झाला. मार्चमध्ये विहिरीत चिखल उरला होता.

विहिरीवर शेजारीण भेटली. तिचा नवरा गाद्या पिंजायचा. तिने पाण्याचा रिकामा गुंड माझ्या पायाशी आदळला.

"काऊन वो बाई, तुमच्या वहीत पानी हाये म्हन्तेत. मंग वहीच सोडा ना दोराले बांधून!"

"हाव ना," दुसरी म्हणाली, "बाईच्या वहीले झिरे हायेत."

सगळ्या हसल्या. मी टेप सोडली, 'कोरडी' असं लिहिलं आणि त्या दोघांतल्या एका अधिकाऱ्याला फोन करून ते कळवलं.

"मॅडम, तुमचा डेटा सर्वांत स्वच्छ आहे," तो म्हणाला. "फक्त ही शेवटची नोंद वगळतोय. गेल्या मेमध्ये एवढं पाणी आणि यंदा मार्चमध्ये कोरडी? शक्य नाही. टेप कुठेतरी अडकली असेल."

मी मे महिन्याचं पान उघडलं. चारही सोमवारी तीच पातळी, बोटभरही फरक नाही. टँकर तोच, पाणी तेवढंच. हे मला खटकलं नाही, त्यांनाही नाही. याला ते स्वच्छ म्हणत होते. मला वहीची शिसारी आली आणि त्याहून जास्त माझ्या अक्षराची.

मुलींच्या वह्या तपासायचा लाल पेन काढून मी टँकरच्या दिवसांतली प्रत्येक नोंद खोडली. शेजारी 'टँकरचं पाणी' लिहून सही केली आणि शेजारणीला घेऊन तालुक्याला त्याच अधिकाऱ्याकडे गेले.

"आता बदल कठीण आहे मॅडम. मॉडेल चालवून झालंय."

शेजारणीने पिशवीतून गढूळ पाण्याची बाटली काढून त्याच्या टेबलावर ठेवली.

"प्या साहेब. निळं हाये का पाहा."

तो प्यायला नाही. वही मात्र ठेवून घेतली, मॉडेल पुन्हा चालवलं, आणि अकराव्या दिवशी टँकर आला. जुना निळा नकाशा कोणी पुसला नाही. तो फिरत फिरत तुमच्यापर्यंत पोचलेला दिसतोय.

टँकर रिता होत असताना शेजारणीने पहिला गुंड भरून डोक्यावर घेतला आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, "बाई, आता टेप टँकरच्या पयले सोडत जा."

तेव्हापासून मी सहाला जाऊ लागले.