टेम्पो रिकामा उतरायचा नाही

लग्न होऊन मी डोळखांबच्या वरच्या पाड्यावर आले आणि पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी मला चहापावडर आणायला टेम्पोकडे पिटाळलं. आंब्याखाली टेम्पो उभा होता. मागचा फाळका पाडून त्यावर साबण, तेल, बिस्किटं, कंगवे मांडलेले होते. दत्ताभाऊंनी पुडी माझ्या हातात ठेवली आणि विचारलं, "काय आणलंस?" मी मूठ उघडून पैसे दाखवले. ते म्हणाले, "घ्यायला आलीस ते दिसतंय, पोरी. विकायला काय आणलंस?" माझ्याकडे विकण्याजोगं काही असू शकतं, हे तोवर मला कुणी सांगितलंच नव्हतं.

दत्ताभाऊंच्या पंचाहत्तरीचा हा ग्रंथ वाचणारे बरेच जण त्यांना शहापूरचे व्यापारी म्हणून ओळखतात. आमच्या पाड्यांवर शाम्पूची पहिली पुडी त्यांनी आणली, हे खरं आहे. गौरव समितीच्या पत्रकातही तेच ठळक छापलंय. पण माल वर नेणारे पुढे छप्पन्न आले. भाऊंचं मोठेपण उतरतीच्या वाटेवर होतं. सकाळी शहापुरात माल भरायचा, शेणव्यावरून आमच्याकडे चढायचं आणि परतताना नाचणी, वरई, हिरडा, करवंदं, पत्रावळीची पानं, जे मिळेल ते भरून मुरबाडच्या बाजाराला पोचवायचं. टेम्पो रिकामा उतरायचा नाही, हा त्यांचा नेम. एकदा भर उन्हाळ्यात कुणाकडेच काही नव्हतं, तर त्यांनी चक्क गोवऱ्या भरल्या. घरी वहिनींनी नाक मुरडलं म्हणे, पण गोवऱ्या विकल्या गेल्या.

पावसाच्या तोंडावर आमच्या रानात शेवळं उगवतात. आम्ही ती भाऊंबरोबर खाली पाठवायचो. एका वर्षी मुरबाडच्या बाजारातली नवी गिऱ्हाइकं कुरकुर करू लागली, की या भाजीनं घसा खाजतो. आम्हा बायकांना हसू आवरेना. शेवळांत काकडं, म्हणजे रानातली ती आंबट फळं, घालायची असतात हे काय सांगावं लागतं? भाऊ मात्र हसले नाहीत. तुम्हाला ठाऊक आहे ते त्यांना ठाऊक नाही, यात त्यांचा काय दोष, म्हणाले. त्यांनी प्रत्येक जुडीबरोबर मूठभर काकडं बांधायला लावली. पुढच्या बाजाराला लोक आमच्या जुड्या शोधत आले. तिथूनच धीर चेपला आणि आमच्या बचत गटाचे नाचणीचे पापड सुरू झाले. माल नीट बांधायचा आणि भाव सांगताना मान खाली घालायची नाही, हे दोन्ही मला भाऊंनी शिकवलं.

माझे यजमान शहापूरला दवाखान्यात होते, तेव्हा वहिनींचा भाकरीचा डबा एक दिवस चुकला नाही. गटाचे पापडही त्या काळात भाऊंनी स्वतः उभं राहून विकले. उपकार बोलून दाखवायचे नाहीत ही त्या घराची रीत, म्हणून मीच इथे लिहून ठेवते.

आता पुढचं समितीला रुचेल की नाही, देव जाणे. "ताई, चांगलं चांगलं लिहा," असं मला बजावलेलं आहे. पण मनात सलतं ते गिळून गोडगोड लिहायला मला जमत नाही.

भाऊंना भोळे म्हणावं की मनाचे मोठे, मला अजून ठरवता आलेलं नाही. एका मोठ्या कंपनीची माणसं त्यांच्या टेम्पोत बसून पाडोपाडी फिरली. कुठे काय खपतं, कुणाला लहान पुडीच परवडते, कुठली वाट पावसात बंद होते, सगळं भाऊंनी आपल्या डब्यातली भाकरी खाऊ घालून सांगितलं. थोड्याच काळात कंपनीची स्वतःची गाडी फिरू लागली. माल स्वस्त, वर बक्षिसाची बादली. आम्हीही घेतला, का नाही घेणार? हातावर पोट असलेल्याला स्वस्त तेच गोड. भाऊंचा माल खपेना, टेम्पोचं वर येणं परवडेना. आणि वर न येणारा टेम्पो खाली तरी काय नेणार? कंपनीची गाडी भरून येते आणि मोकळी जाते. तिला आमच्या नाचणीशी काय देणंघेणं! भाऊंनी टेम्पो विकला आणि मागोमाग आमचा गटही बसला. आता पाड्यावर सगळं मिळतं, अगदी पाकिटातले नाचणीचे पापडसुद्धा. मला याचा राग येतो, आणि रागापेक्षा वाईट जास्त वाटतं.

गेल्या दिवाळीनंतर भाऊ पुतण्याच्या गाडीतून वर आले होते. गुडघे धरत उतरले, त्याच आंब्याखाली बसले. बायका जमल्या, चहा झाला, नातवंडांची चौकशी झाली. निघताना सवयीनं त्यांनी विचारलं, "काय आणलंत?"

आमच्यातली सगळ्यांत म्हातारी सोनीबाय म्हणाली, "भाऊ, नाचनी कोन लावतो आता? न्यायला कोनी येत नाय. आमी पन दुकानातलंच खातो."

गाडीत बसता बसता भाऊ मला एवढंच म्हणाले, "पोरी, मी तुम्हाला घ्यायला शिकवलं, तेवढंच टिकलं." त्या दिवशी त्यांची गाडी रिकामी उतरली. ती वळणाआड जाईपर्यंत मी बघत उभी होते. त्यांना परत हाक मारावी असं फार वाटलं, पण हाक मारून देणार काय होते?

भाऊ, तुम्ही शतायुषी व्हा, असं या ग्रंथात सगळेच लिहितील. मीही लिहिते, अगदी मनापासून. टेम्पो पुन्हा सुरू होईल असं खोटं मात्र माझ्या हातून लिहिलं जाणार नाही. यंदा मी घरामागच्या वरकस, हलक्या जमिनीच्या तुकड्यात नाचणी लावली आहे. एकटीचीच आहे, गोणभर होईल न होईल. तोवर गुडघ्यांना तेल लावत जा, चहात साखर कमी घाला आणि वहिनींचं ऐका. पीक निघालं की मी एसटीनं शहापूरला येईन आणि तुमच्या दारात उभी राहीन. तेव्हा मला आत बोलवायच्या आधी विचारा, काय आणलंस म्हणून. एवढं खणखणीत आवाजात विचारायला तुम्ही हवे आहात.