चिखलात शिकलेलं वळण

माझी नणंद कॉलेजसाठी आमच्याकडे नागपूरला राहायला आली, ती सासऱ्यांची जुनी जीप स्वतः हाकत. रामटेककडच्या गावात धानाची पोती वाहता वाहता ती गाडी शिकली होती. मी तिच्याहून सहा वर्षांनी मोठी, गांधीबागेमागच्या विणकरांच्या घरातली. तिची गाडी मोहल्ल्यात शिरली की बाया पोरांना आत ओढून घेत आणि संध्याकाळी माझ्याकडे तक्रार आणत.

तेव्हा हुडकेश्वरकडे नुसती शेतं होती. थंडीत तिकडच्या एका पडीक माळावर गाड्यांची शौकीन मंडळी शर्यत भरवत. चुन्याने आखलेला नागमोडी रस्ता, कडेला बांबूच्या झेंड्या, एका वेळी एकच गाडी, आणि वेळ मोजायला एक निवृत्त लष्करी साहेब. ऐंशी सालाच्या आसपास त्यांनी बायकांसाठीही फेरी ठेवली, आणि नणंदेने लगेच नाव दिलं.

पहिल्या वर्षी तिने वळणावर जीप आडवी घातली आणि एका दमात चार झेंड्या झोपवल्या. साहेबांनी तिला बाद केलं. "बाई, ही शर्यत आहे, नांगरणी नाही," ते म्हणाले. सगळं मैदान हसलं. नणंदही हसली. घरी येऊन मात्र जेवली नाही.

पुढच्या वर्षी तिला सुधारायचं मी मनावर घेतलं. मला स्टेअरिंग कशाशी खातात ते माहीत नव्हतं, पण बाबांचा माग लहानपणापासून बघितला होता. "हिसका देला की धागा तुटते वं," मी तिला सांगायची. "वळणाच्या आधी ब्रेक मार, मंग हळूच वळव." तिने महिनाभर मुकाट्याने ऐकलं.

प्रत्येकीला दोन फेऱ्या होत्या. पहिल्या फेरीत तिची एकही झेंडी पडली नाही. साहेबांनी मान डोलावली. सहा जणींत तिचा नंबर सहावा.

ती खाली उतरली आणि बॉनेटला टेकून उभी राहिली. "वैनी, मी गाडी चालवूनच नाही राहिली. नुसती तुमचं ऐकून राहिली."

मला एकदम वाईट वाटलं. "मंग नको ऐकू," मी म्हटलं. "तुले येते तशी चालव. मी बसतो बाजूले."

सोबत एकाला बसायची मुभा होती. मी पदर कमरेला खोचला आणि दांडी धरली. पहिलं वळण येण्याच्या आधीच तिने चाक फिरवलं. मागची चाकं सुटली, जीप तिरकी सरकत गेली, आणि माझ्या नाकापासून वीतभर अंतरावरून झेंडी गेली. उभीच्या उभी! मी किंचाळले. दुसऱ्या वळणावरही किंचाळले. तिसऱ्यावर मला हसू फुटलं ते थांबेना. शेवटची एक झेंडी तेवढी पडली.

त्या झेंडीचा दंड धरूनही ती दुसरी आली.

साहेब घड्याळ हातात घेऊनच चालत आले. "चाक इतक्या लवकर का फिरवता?"

"मागचं चाक सुटणार हे मले अगोदरच समजते," ती म्हणाली. "धानाच्या बांधीत, चिखलात शिकली ना मी. तिथं ब्रेक मारला की गाडी फसते."

साहेबांनी घड्याळ खिशात टाकलं. मग म्हणाले, "मागच्या वर्षी मी फक्त झेंड्या मोजल्या. पोरी, ते वळण परत एकदा घेऊन दाखव." या वेळी तेच तिच्या बाजूला बसले. परतले तेव्हा पांढऱ्या मिशा धुळीने लाल झाल्या होत्या, आणि ते पुरुषांच्या गटातल्या ड्रायव्हरांना हाका मारून बोलावत होते. त्यानंतर दर वर्षी शर्यतीआधी ती सगळ्यांना ते वळण घेऊन दाखवायची.

मोहल्ल्यातल्या बाया आता पोरांना आत ओढायच्या नाहीत. उलट, एक चक्कर मारून आण म्हणून तिच्या मागे लागायच्या.

मलाही गाडी शिकायची हौस आली. उन्हाळ्यात गावी, कापणी झालेल्या कोरड्या बांधीत तिने मला स्टेअरिंगवर बसवलं. मी ब्रेक समजून भलतंच दाबलं आणि जीप थेट तणसाच्या, धानाच्या पेंढ्याच्या ढिगात घुसली. तणस डोक्यावर, कानात, ब्लाउजमध्ये. सासूबाई शेताच्या कडेच्या धुऱ्यावरून ओरडल्या, "कोण गाडी चालवून राहिलं वं?"

नणंद हसून हसून बाजूच्या सीटवर आडवी झाली होती.

"मी!" मी ढिगातून ओरडले.