नलिनीच्या डब्याचं सेवापुस्तक

“आमच्या आत्याला घरातून पळवलंय हो त्या बाईंनी! तेही जिन्यात, येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचता येईल असं!”

लिफ्टचं दार उघडायच्या आधीच सेक्रेटरीकाकांचा आवाज आला. हिंजवडीहून कंपनीच्या बसने हडपसरला पोचेपर्यंत माझ्यात बोलायची ताकद उरत नाही. खरं तर ती सकाळीही नसते. मी नेहमीप्रमाणे मोबाइलमध्ये डोकं घातलं आणि वॉचमनच्या मागून सटकले. पण ‘त्या बाई’ कोण आणि आत्या कुठली, हे ते वाक्य ऐकताच मला सगळ्या सोसायटीत सर्वांत आधी कळलं.

त्या बाई म्हणजे आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या मावशी. भंगाराला नोकरीत कायम करून सन्मानाने निवृत्त करणारी अख्ख्या पुण्यात एकच व्यक्ती आहे, आणि ती आमच्या तिसऱ्या मजल्यावर राहते. आयुष्यभर सरकारी कचेरीत त्यांनी लोकांची सेवापुस्तकं लिहिली. कोण कधी रुजू झालं, कोणाला बढती, कोणाला समज. स्वतः निवृत्त झाल्यावर लिहायला माणसं उरली नाहीत, म्हणून त्यांनी भांडी घेतली. सकाळची बुद्धवंदना झाली की तांब्याची तार आणि पक्कड घेऊन त्या बसतात. दुपारपर्यंत मोडक्या झारीची मान वळलेली असते, तिला बशीची टोपी आलेली असते आणि ती कोणावर तरी रुसलेली दिसते. मग तिला जिन्यातल्या फळीवर जागा मिळते आणि शेजारी दोऱ्याने लटकतं तिचं सेवापुस्तक, शाळेच्या वहीची पानं कापून, खाकी कव्हर घालून. कुकरच्या शिट्टीच्या पुस्तकात लिहिलंय, ‘स्वभाव तापट. तीन वेळा समज देण्यात आली, त्यानंतरच शांत.’ चाळणीच्या, ‘कामात चोख, परंतु गोपनीय विभागासाठी अयोग्य.’ सांडशीच्या, ‘विवाहित. एरवी दोघांचं पटत नाही, गरम पातेलं दिसलं की एक होतात.’ हे वाचून माझे बाबा जिन्यात इतके हसले, की आईने आतून विचारलं, “त्यात एवढं काय आहे?” बाबा एकदम गंभीर झाले.

भरतीचे नियम कडक. आईने एकदा हँडल सैल झालेला, जवळजवळ नवाच तवा मोठ्या मनाने दिला. मावशींनी तो उलटसुलट केला आणि परत दिला. “याचं अजून काही जळलेलं नाही. दोन वर्षांनी अर्ज करायला सांगा.” पाहुण्यांना चहा मिळतो, पण कपाबद्दल एखादी गोष्ट सांगितल्याशिवाय दुसरा मिळत नाही. सेक्रेटरीकाका एकदा म्हणाले, “मॅडम, हा पसारा आवरा की जरा.” त्या म्हणाल्या, “आवरते की. आधी तुमच्या पार्किंगमधली स्कूटर निवृत्त करा, पुस्तक मी फुकट लिहून देते.” स्कूटर अजून तिथेच आहे आणि काकांच्या मनात ते वाक्यही.

माझ्याशी मात्र त्या अशा बोलत नसत. माझी शाळा इंग्रजी. मराठी लिहायची वेळ आली की मी घाबरते. ऑफिसमध्ये मीटिंगमध्ये माझं मत कोणी विचारू नये म्हणून मी कॅमेरा बंद ठेवते. त्यांनी मला कधीच ‘बोल ना गं’ म्हटलं नाही. एका रविवारी पुढ्यात एक स्टीलचा डबा ठेवला. झाकण हरवलेलं, बाजूवर नाव कोरलेलं, ‘कु. नलिनी’. “वॉचमनने भंगारातून काढून दिला. याचं पुस्तक तू लिही,” म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या. मी तीन तास लिहिलं. बघायला पाहुणे येणार त्याच्या आदल्या दिवशी नलिनी या डब्यात चिवडा भरते, एसटीत बसते आणि साताऱ्याला एका शाळेत नोकरीवर रुजू होते. शेरा, ‘परत आली नाही. चिवडा पुरला.’ मावशींनी दोनदा वाचलं. एकही शब्द बदलला नाही. डब्याला तारेचे दोन पाय लावले, एक पुढे टाकलेला, आणि त्याला फळीवर पहिली जागा दिली.

डबा सेक्रेटरीकाकांच्या घरचा होता. नलिनी म्हणजे त्यांची सख्खी आत्या.

काकांच्या त्या आरडाओरड्यानंतरच्या रविवारी सकाळी पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून सभा भरली. पाण्याचे टँकर झाले, कुत्री झाली, मग विषय आला, जिन्यातील अनधिकृत वस्तू. काका उभे राहिले. रागाने बोलायला लागले आणि मध्येच आवाज उतरला. “आमची नलूआत्या आयुष्यात एकटी एसटीत बसली नाही हो. लग्न जमलं नाही. आमची आजारपणं काढण्यात गेली ती.”

“मग डब्याला तरी बसू द्या,” असं काहीतरी मावशी म्हणतील म्हणून सगळे त्यांच्याकडे बघत होते. त्या उभ्या राहिल्या, चष्मा काढला. “चूक माझी. विचारायला हवं होतं मी. माफ करा. फळी संध्याकाळपर्यंत रिकामी करते. सगळंच देऊन टाकते भंगारात.”

माझं नाव त्यांनी घेतलं नाही. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही; माझ्याकडे पाहिलं तर लोकही पाहतील, हे त्यांना माहीत होतं. उत्तर त्यांच्याकडे होतंच. माझ्यासाठी त्यांनी ते गिळलं होतं. संध्याकाळी झारी, शिट्टी, सांडशी, सगळे एका पोत्यात जाणार होते आणि मी वर जाऊन दार लावून घेणार होते. तसंच होऊ देणं सोपं होतं. काका पुढचा विषय वाचायला लागले होते. माझी खुर्ची मागे सरकली आणि फरशीवर मोठ्याने वाजली. सगळे वळले. आई कुजबुजली, “बस खाली.”

मी बसले नाही.

“काका, ती गोष्ट मावशींनी नाही, मी लिहिली आहे. तुमच्या आत्यांबद्दल मला काहीच माहीत नव्हतं, फक्त नाव दिसलं. तुम्हाला त्रास झाला, त्याबद्दल सॉरी. हवं तर गोष्टीतलं नाव मी आजच बदलते. पण तिला परत घरी आणणार नाही.”