बोटभर ढिलं

झाडाचं कपड्यासाठी घ्यावं तसं माप घेणारा माणूस तुम्ही पाहिलाय का? मी पाहिलाय. गळ्यातली टेप काढायची, खोडाभोवती फिरवायची, टेपच्या आत स्वतःचं एक बोट सारायचं आणि म्हणायचं, “बोटभर ढिलं ठेवायचं रे. वाढतं अंग आहे.”

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. मुलुंडला आमच्या कॉलनीच्या मागे, डोंगराच्या पायथ्याशी, रहिवाशांनी मिळून लावलेली एक राई होती. रविवारी सकाळी जमतील तेवढे जण वर जायचो. घाणेरी उपटायची, बकऱ्यांनी पाडलेलं कुंपण उभं करायचं, उन्हाळ्यात खालच्या नळावरून पाण्याचे डबे न्यायचे, आणि वणवा आत शिरू नये म्हणून कडेचं गवत कापून पट्टा मोकळा ठेवायचा. गवत उंच आणि रोपं लहान, त्यामुळे कोयत्याखाली गवताबरोबर आपलंच रोप जायचं. म्हणून प्रत्येक रोपाशेजारी बांबूची काठी आणि तिला रंगीत चिंधी. या सगळ्या चिंध्या मास्तरांच्या दुकानातल्या. शिंप्याला मुंबईत मास्तरच म्हणतात.

मला राईत नेलं तेही मास्तरांनीच. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. तालुक्याच्या गावाहून मुलाखतीला आलो तो मामाची पँट घेऊन. मास्तरांनी मला टॉवेल गुंडाळून दुकानातल्या स्टुलावर बसवलं आणि पँट उसवून तिथल्या तिथे माझ्या मापाची करून दिली. नोकरी लागली. पेढे घेऊन गेलो तर म्हणाले, “काय ग्रॅज्युएट, रविवारी लोळतोस ना? वर ये.” त्या पँटचे उपकार मी अजून मानतो.

राईचा नियम असा की प्रत्येकाने एक रोप आपलं म्हणायचं आणि जगवायचं. मास्तरांनी बकुळ घेतली होती. “माझ्या झाडाच्या फुलांचा गजरा तुला घालीन,” असं त्यांनी बायकोला, आमच्या काकूंना, कबूल केलं होतं. मला शेजारच्याच जागेत कदंब मिळाला. बकुळ किती सावकाश वाढते आणि कदंब कसा उसळतो, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना पुढचं सांगायला नको.

कदंब माझ्या डोक्यावर गेला तेव्हा बकुळ मास्तरांच्या गुडघ्याशी होती. मास्तर दर रविवारी दोघांचं माप घेऊ लागले. कदंबाला टेप अशी आवळायचे की साल दबावी. बकुळीच्या अंगठ्याएवढ्या खोडाला मात्र बोटभर ढिलं. निम्मं माप तर बोटाचंच!

“मास्तर, ही चीटिंग आहे.”

“शिंपी कोण? तू की मी?” मग आवाज खाली आणून, “खरं सांग, काय घालतोस त्याला? मासळीचं पाणी?”

“काही नाही हो.”

“काही नाही म्हणे! लेकाचा वाढतो कसा बघ. जराही लाज नाही.”

घरी काकूही सोडत नसत. “झाड लावलंय की खुंटी?” त्या मला विचारायच्या, मास्तरांना ऐकू जाईल अशा बेताने.

एका मे महिन्यात मुलीच्या लग्नासाठी मास्तर गावी गेले. तेवढे दिवस मी आधी बकुळीला पाणी घातलं, मग कदंबाला. ते परतले तेव्हा बकुळ नव्या चकचकीत पानांनी भरली होती. मला वाटलं, पाठ थोपटतील.

“पाणी कोणी घातलं?”

“मी.”

“कोणाला विचारून?”

“अहो, सुकली असती.”

“सुकू दे! माझ्या हाताखाली दोन नवी पानं धरायला रडत होती. आणि तुझा हात लागला तर...” डबा उचलून खाली निघून गेले. त्यांच्या थर्मासमधला चहा त्या दिवशी सगळ्यांना चुकला.

पुढच्या रविवारी वर पोचतो तर मास्तर माझ्या कदंबाला पाणी घालतायत.

“फिट्टंफाट. आजपासून हा माझा. तू सांभाळ तुझी बकुळ.”

आणि खरंच, त्या दिवसापासून कदंबाला बोटभर ढिलं आणि बकुळीला टेप करकचून. पण आता जळायची पाळी माझी होती. कदंबाला पहिले गोल केशरी चेंडू आले तेव्हा मास्तर एकेकाला हाताला धरून आणत होते. “बघा, आमचा कदंब!” खड्डा मी खणला होता, कातळाला लागून हाताला फोड आले होते. कोणी ते विचारावं म्हणून मी जवळपास घुटमळत राहायचो. कोणी विचारलं नाही. मास्तरांनी तेवढं विचारलं, “तुझी खुंटी काय म्हणते रे?”

पुढे रेडिमेडची दुकानं वाढली. मास्तरांच्या मशीनवर अल्टरेशन आणि काजं-बटणं तेवढी उरली. मग त्यांना चढ चढवेना. चिंध्या पाठवत राहिले. एका हिवाळ्यात तेही थांबलं. मास्तर गेले.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात बकुळीखाली वाकलो आणि मातीत इवल्या चांदण्या दिसल्या. रुमालात गोळा करून तसाच काकूंकडे गेलो. त्यांनी रुमाल नाकाशी धरला तो बराच वेळ खाली घेतला नाही.

“बघ,” त्या म्हणाल्या, “आली शेवटी ह्यांच्या बकुळीला फुलं.”

ह्यांच्या! इतके उन्हाळे डबे मी वाहिले. ‘काकू, ती माझी आहे,’ हे अगदी ओठांवर आलं. काकूंनी फुलं फोटोसमोर ओतली. फोटोतले मास्तर जिंकल्यासारखे बघत होते.

“हो काकू,” मी म्हणालो, “मास्तरांचीच.”

निघताना त्यांनी मास्तरांची टेप माझ्या हातात ठेवली. रविवारी ती घेऊन वर गेलो. आधी बकुळीला घातली, मग कदंबाला. दोघांनाही बोट आत सारून बघितलं. माझं बोट कारकुनाचं, बारीक. मास्तरांएवढं ढिलं काही होत नाही.