दोन चमचे कोळसा

धाकटा भाऊ गेला त्याच्या नवव्या दिवशी माझ्या लक्षात आलं, की त्याच्या काचेच्या टाकीतलं पाणी फिक्या चहासारखं दिसतंय. भिलाईत, समुद्रापासून इतक्या दूर, स्मृति नगरातल्या घरात त्याने मीठ कालवून प्रवाळ जगवले होते. आता ते सगळे अंग चोरून बसले होते.

चूक आमचीच होती. आईने त्याचा फोटो टाकीशेजारी मांडला होता आणि तेरवीपर्यंत तिथली अगरबत्ती विझू द्यायची नाही असं ठरलं होतं. टाकीचा हवेचा पंप तोच धूर ओढून पाण्यात सोडत होता. आम्ही समोर हात जोडून बसत होतो.

उपाय त्याच्या वहीत सापडला, ॲक्टिव्हेटेड कार्बन, म्हणजे पाण्यातला मळ शोषून घेणारा कोळसा. खाली दोनदा रेघ मारून लिहिलं होतं, एकदम जास्त नको. पाणी अचानक नितळ झालं की टाकीवरच्या दिव्याचा उजेड खोल जातो आणि प्रवाळ भाजतात.

मी दोन चमचे काढून आरओच्या पाण्यात धुवायला घेतले. पहिलं पाणी शाईसारखं काळं आलं. ही भुकटी टाकीत गेली तर? पाचदा धुतलं, मग पुन्हा एकदा.

"कावून एवढासा कोळसा टाकून राहिली वो?" आई दारातून म्हणाली. "पुरा डब्बा टाक ना. जीव घुसमटून राहिले बिचारे."

"पुरा टाकला तर मरतील, आई."

"शाळेत शिकवते म्हणून तुले सारं समजते काय? त्यानं मले कधी टाकीले हात लावू देला नाही, अन् तू वहीत पाहू पाहू..."

वहीत पाहून केलेलं चुकेल, ही भीती मलाही होती. कार्बनची जाळीची पिशवी मी पाणी वाहतं तिथे ठेवली, दिव्याचे तास कमी केले. राहिली अगरबत्ती. ती तिथून हलव, हे आईला सांगायला मी सगळ्यात जास्त घाबरले. शेवटी पंपाकडे बोट दाखवून एवढंच म्हटलं, "धूर इथून आत जातो."

तिने पंपाकडे पाहिलं. मग फोटो तिथेच ठेवून अगरबत्ती तेवढी व्हरांड्यात घेऊन गेली.

तिसऱ्या दिवशी सकाळी एका प्रवाळाचे बोटांसारखे तंतू अर्धे बाहेर आले होते. शेजारचा पांढरा पडला होता, भाजल्यासारखा.

"अन् हा?" आईने विचारलं.

मी वही शेवटच्या पानापर्यंत चाळली. पांढऱ्या पडलेल्याबद्दल त्याने काहीच लिहून ठेवलं नव्हतं.