जन्मस्थळाचा रकाना

बेळगावच्या स्टँडवर मुंबईची बस लागली, तेव्हा बाबांनी आशीर्वादाऐवजी ताकीद दिली. "कुठल्याबी कागदावर गावापुढं महाराष्ट्रच लिवायचं." शेजारची गंगव्वा शेंगाचटणीची पुडी घेऊन आली होती. घरी कन्नड बोलते, पण मराठी सगळं कळतं तिला. तिनं माझ्या पिशवीचे बंद तेवढे आवळले.

मी तेव्हा सीमाभागाच्या लढ्यासाठी पत्रकं लिहायची. 'आम्हाला कोणी विचारलं?' हे चौकाचौकात चिकटलेलं वाक्य माझं. न विचारता आम्हाला कर्नाटकात टाकलं, हे माझं मत आजही तसूभर बदललेलं नाही. पण कन्नडवाल्यांना उद्देशून 'उपरे हटवा' हेही वाक्य माझंच होतं, ते लपवत नाही.

तोक्योला आल्यावर कंपनीनं ओजिमाच्या सरकारी वसाहतीत घर दिलं. वॉर्ड ऑफिसात परदेशी नोंदणीच्या फॉर्मवर जन्मस्थळापुढं मी ठसठशीत लिहिलं, बेळगाव, महाराष्ट्र. कारकुनानं पासपोर्ट उघडून 'कर्नाटक'वर पेन्सिल टेकवली, मान लववली आणि कोरा फॉर्म पुढं केला. हा वाद आहे, निकाल लागायचाय, असं मी मोडक्या जपानीत सांगून पाहिलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि पेनही दिलं. अकराला क्लायंटकडं डेमो होता. लिहिलं कर्नाटक, आणि तेच ओळखपत्राच्या कार्डावर छापून आलं. लाठीमारात न हललेली मी एका नम्र माणसापुढं दोन मिनिटांत वाकले.

रविवारी बाबांचा फोन. "कार्डावर काय लिवलीस?" मी म्हटलं, महाराष्ट्र.

महिन्याभरात बाबांनी पाठवलेलं नवं पत्रक पोस्टानं आलं: 'जपानला कळतं, दिल्लीला कधी कळणार?' वाक्य चांगलं होतं, पण माझ्या खोट्यावर उभं होतं. मी ते जळाऊ कचऱ्याच्या पिशवीत कोंबलं.

खालच्या मजल्यावरच्या मोरिता-सान कचऱ्याच्या बाबतीत कुणाला सोडत नाहीत. पत्रक घेऊन दारात हजर. कागद गुरुवारी, पाटील-सान. मग विचारलं, यात लिहिलंय काय? मी सगळं सांगितलं, खोट्यासकट.

त्या खाली जाऊन स्वतःच्या कुटुंब-नोंदणीचा दाखला घेऊन आल्या. मूळ गाव, जपानच्या उत्तरेकडचं कुनाशिरी बेट. युद्ध संपताना रशियन सैन्यानं ते घेतलं, पुढं यांच्या घरच्यांना बोटीत घालून हाकललं. तेव्हा त्या सात वर्षांच्या होत्या. दोन्ही देश आजही ते बेट आमचंच म्हणतात.

"तुमच्याकडं गाव आहे, कागद नाही," त्या म्हणाल्या. "माझं उलटं."

माझ्यातली पत्रकवाली लगेच उठली. मग तिथल्या रशियनांना हटवायला नको? मोरिता-सान हसल्या. एकदा परवानगी मिळून त्या गावी गेल्या होत्या. यांच्या घराच्या जागी एक रशियन बाई राहत होती. तिनं माशाचं सूप वाढलं. तिचा जन्म तिथलाच, पन्नाशीही उलटलेली.

"तिला कुठं जा म्हणू? मला कुणी विचारलं नाही, तसं तिलाही नाही."

मला पिशवीचे बंद आवळणारी गंगव्वा आठवली. तिचा जन्म आमच्याच गल्लीतला. 'आम्हाला कोणी विचारलं?' त्या 'आम्हाला'त मी तिला कधी धरलंच नव्हतं.

गावात राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखं बाहेर पडून फोनवर शूर झालेल्यांनो, पुढच्या महिन्यात मी येतेय. बाबांनी सभा ठेवलीय, कार्ड दाखवायला. मी दाखवणार. कर्नाटक लिहिलंय ते मोठ्यानं वाचणार, आणि मग जुनाच प्रश्न विचारणार, पण या वेळी गंगव्वाला पहिल्या रांगेत बसवून. बाबा कदाचित बोलणं टाकतील. टाकतीलच.

तोक्योत मी खोटी ठरले तर कुणाचं काही बिघडत नाही. माझ्या खोट्यानं ज्याची मान खाली जाईल असा माणूस बेळगावच्या आमच्या त्या एका गल्लीतच राहतो. पुढं राज्य कुठलंही लिहा, माझं घर तेवढंच आहे.